चाळीस वेळा ऐकलेली गाणी

संगीताचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते: विशीत तुम्ही जे ऐकत होता ते आता फारसे ऐकत नाही, आजची गाणीही तुम्हाला भावत नाहीत, मग वयाबरोबर आवड खरोखर बदलते, की केवळ कान थकतात? तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

कानांचे आधी सांगते, कारण ते थोडक्यात संपण्यासारखे आहे. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि वय वाढते तशी ही मर्यादा वरच्या टोकाकडून खाली सरकत जाते. परंतु पियानोच्या सर्वांत उंच पट्टीचा मूळ स्वरसुद्धा ४,१८६ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे पन्नाशीत झांजेची किणकिण थोडी बोथट होत असेल, पण चाल कानांतून निसटत नाही. तेव्हा सगळे खापर कानांवर फोडणे मला मान्य नाही.

खरे कारण मला एका जुन्या कॅसेटने दाखवले. विद्यार्थिदशेत माझ्याकडे ६० मिनिटांच्या मोजून सात कॅसेटी होत्या. त्यांतल्या एकीची फीत एका गाण्याच्या ऐन मध्यावर यंत्रात अडकली, तेव्हा ती मी हलक्या हाताने सोडवली आणि चाकाच्या दात्यांत पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळली. तेव्हापासून त्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात आवाज क्षणभर बुडे आणि पुन्हा वर येई. अलीकडे तेच गाणे मी डिजिटल स्वरूपात, अगदी स्वच्छ ऐकले. त्या जागी आवाज बुडाला नाही आणि मला काहीतरी हरवल्यासारखे वाटले. गाणे संपले, पुढे भलतेच गाणे लागले, तरी मनात मात्र कॅसेटवरच्या पुढच्या गाण्याची सुरावट आपोआप सुरू झालेली होती.

त्या सात कॅसेटींतली सगळी गाणी मला पहिल्याच ऐकण्यात आवडली होती, असे मुळीच नाही. काही तर कंटाळवाणी वाटली होती. पण फीत नेमकी पुढे सरकवणे जिकिरीचे असे, म्हणून ती ऐकली जात, आणि विसाव्या-पंचविसाव्या खेपेला त्यांतलेच एक माझे सर्वांत लाडके झाले. केवळ वारंवार समोर आल्याने एखादी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांतून मांडले होते. पुढे १९८९ साली मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी वेगवेगळ्या वयांच्या श्रोत्यांना निरनिराळ्या काळांतील गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा आपण सुमारे २४ वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांकडे लोकांचा कल सर्वाधिक दिसला. त्या वयातल्या भावना उत्कट असतात, हे मला मान्यच आहे. पण एकच गाणे चाळीस वेळा ऐकण्याइतका मोकळा वेळही त्याच वयात असतो, आणि मी या दुसऱ्या कारणाला अधिक वजन देते. आज नव्या गाण्याला मी अर्धे मिनिट देते आणि तेवढ्यावर निकाल लावून मोकळी होते.

विशीतले काही संगीत मात्र खरोखरच सुटले. ते मी मैत्रिणींच्या घोळक्यात, आपण कोण आहोत हे जगाला दाखवण्यासाठी मोठ्या आवाजात ऐकत असे. ती गरज संपली आणि त्याबरोबर ते संगीतही मागे पडले. त्याची मला खंत नाही.

आणि काही नव्याने मिळाले. मारवा रागात पंचम, म्हणजे 'प', नाही आणि षड्जही, म्हणजे ज्या 'सा'वर गाणे घरी परतते तो आधारस्वरही, गायक फार जपून, क्वचितच लावतो. तानपुऱ्यावर तो अखंड वाजत असतो, पण गळा मात्र कोमल रिषभ आणि धैवत, म्हणजे 'रे' आणि 'ध', यांभोवती घोटाळत राहतो. तरुणपणी ही हुरहुर मला सोसत नसे. संथ लयीतले विलंबित संपून जलद लयीतले द्रुत कधी लागते याची मी वाट पाही. आता गायक षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरतो, तेव्हा त्या परतण्यातच मी गुंतून पडते. घरी पोहोचायला उशीर होणे म्हणजे काय, हे ठाऊक झाल्याशिवाय तो राग मला कळला नसता, असे मला मनापासून वाटते.

म्हणून नव्या संगीतालाही पूर्वीसारखा वेळ द्यायचे मी ठरवले. भाचीने सुचवलेला एक अल्बम रोज एकदा, एकही गाणे न वगळता ऐकते आहे. पहिल्या आठवड्यात त्यातले काहीच हाती लागले नाही. काल सोळावी खेप झाली, आणि तिसऱ्या गाण्यात ढोल शिरण्याआधीची ती अर्ध्या मात्रेची शांतता मला येण्याआधीच ऐकू आली.