मक्याच्या मुळांची बुळबुळ: गोळा करणं आणि वाळवून पाहणं

मक्याच्या कोवळ्या मुळीच्या टोकावर जो चिकट, पारदर्शक द्रव येतो ती बुळबुळ. ती गोळा करायची मांडणी आता जमली आहे. थेंब स्वच्छ येतोय आणि सुकवल्यावर राखाडी पापुद्राही राहत नाही. सगळ्यात मोठा फरक पडला तो दाण्यांमुळे.

दुकानातलं संकरित बियाणं लाल-गुलाबी रंगाचं येतं. त्यावर बुरशीनाशक आणि रंग चढवलेला असतो, आणि तो रंग थेंबात उतरतो. बाजार समितीतला मका यंत्राने सोललेला असल्यामुळे बऱ्याच दाण्यांचा कोंब दुखावलेला असतो आणि बुरशीही लवकर धरते. ओळखीच्या शेतातली दोन-चार कणसं आणून हाताने सोललेली बरी. दाणे केमिस्टकडच्या २० व्हॉल्यूम हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये (म्हणजे साधारण ६ टक्के) १० मिनिटं ठेवायचे, चार-पाच वेळा धुवायचे आणि रात्रभर भिजवायचे.

धुण्यापासून फवारणीपर्यंत सगळीकडे डिस्टिल्ड वॉटरच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वाळल्यावर जो पांढरा थर राहतो तोच बुळबुळीचं वजन बिघडवतो.

खोल ट्रेवर मच्छरदाणीची प्लास्टिक जाळी ताणून बांधायची आणि दाणे त्यावर टोक खाली करून मांडायचे. तळाशी पाणी हवं, पण मुळीला टेकता कामा नये. टेकलं की बुळबुळ विरघळून जाते, फार खाली गेलं की टोकावर नुसता सुकलेला पापुद्रा उरतो. मुळी वाढेल तशी पातळी उतरवत राहायची, वरून ओल्या गोणपाटाचं झाकण. तापमान २५ ते ३० अंश. वैशाखात खोलीच ३८ ला जाते तेव्हा ट्रे माठाशेजारी, नाहीतर कूलरसमोर. पौषातल्या थंडीत उगवण रेंगाळते, तितक्या दिवसांत बुरशी पुढे निघून जाते.

मुळी तीन-चार सेंटिमीटर झाली की टोकांवर बारीक फवारा मारून अर्धा तास थांबायचं. बुळबुळ मूलटोपीच्या (मुळीच्या टोकावरच्या टोपणाच्या) पेशी सोडतात आणि पाणी मिळालं की ती फुगून गोल, काचेसारखा थेंब होतो. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने तो ओढून घ्यायचा. शंभर दाण्यांमागे फार तर एक-दोन मिली मिळते. लोभापायी टोक चिमटू किंवा कापू नका. जखमेतून पेशीतला रस, साखर आणि प्रथिनं मिसळतात, तासाभरात रंग तपकिरी होतो आणि तो नमुना गेला. खोलीत ठेवली तर एका दिवसात आंबूस वास येऊन पातळ होते, कारण जिवाणूंसाठी हे आयतं जेवण आहे. लगेच फ्रीझरमध्ये.

यात घन भाग १ टक्क्याच्याही आत असतो. तोही मुख्यतः गॅलॅक्टोज, फ्युकोज, अरॅबिनोज, झायलोज अशा शर्करांच्या लांब साखळ्या, थोडी प्रथिनं आणि अगदी किंचित फॉस्फोलिपिड (एक बाजू पाण्याला धरणारे आणि दुसरी पाणी टाळणारे स्निग्ध पदार्थ). १ मिलीत दोन-तीन मिलिग्रॅम म्हटल्यावर स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, सराफाकडचा मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. जळगावात तो शोधावा लागत नाही.

त्याच काट्यावर पृष्ठताणही, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसून राहायची ओढही, तपासता येतो. एकाच ड्रॉपरने डिस्टिल्ड पाण्याचे २० थेंब तोला, मग बुळबुळीचे २०. पाण्याचा ताण मीटरला ७२ मिलीन्यूटनच्या आसपास, मक्याच्या बुळबुळीचा सुमारे ४८ पर्यंत उतरतो, म्हणजे थेंब हलका पडायला हवा. हे काम त्या किंचितशा लिपिडांचं. मिलीमागे ०.७ मिलिग्रॅमपेक्षा पातळ केली तर फरक विरत जातो. ड्रॉपरला साबणाचा अंश राहिला असेल तर साधं पाणीसुद्धा हलकं भरतं, तेव्हा गरम पाण्याने पुन्हापुन्हा खळबळून घ्या. थेंब सावकाश सोडा, घट्ट द्रव घाईत तुटत नाही.

आता खरी गंमत. ओली असताना पाणी धरून ठेवणारी ही बुळबुळ एकदा कोरडी झाली की पाण्याला जवळ येऊ देत नाही. तापीची वाळू पिठाच्या चाळणीने चाळून धुवा, वाळवा. १० ग्रॅम वाळूत २ मिली बुळबुळ कालवा, दुसऱ्या वाटीत तेवढंच पाणी. दोन्ही सावलीत कडक वाळू द्या, मग वरून पाण्याचा एक थेंब. साध्या वाळूत तो टेकताक्षणी जिरतो. बुळबुळीच्या वाळूवर गोल बसून राहतो, कडेला हलकी चमक दिसते, मग एका बाजूने खचतो. ५ सेकंदांहून जास्त टिकला की माती पाणी झिडकारते असं धरतात. कारण असं: सुकताना साखळ्या आकसून कणांमध्ये पडदे-धागे बनतात आणि लिपिडांची पाणी नको असलेली बाजू हवेकडे वळते. बराच वेळ ओलं ठेवलं की पुन्हा फुगते, पण तोवर पहिलं पाणी मुळीला वळसा घालून गेलेलं असतं. भरड वाळूत हा परिणाम कमी बुळबुळीतही दिसतो. काळ्या मातीत हा प्रयोग करू नका. ती स्वतःच फुगते, भेगाळते, मग थेंब भेगेत गेला की जिरला ते कळत नाही.

सूक्ष्मदर्शक असेल तर थेंबात ड्रॉइंगची काळी शाई अगदी पातळ करून सोडा. काजळीचे कण बुळबुळीत शिरत नाहीत, त्यामुळे मूलटोपीपासून सुटलेल्या लांबट पेशींभोवती स्वच्छ पांढरं वलय दिसतं. फाउंटन पेनची शाई चालत नाही, ती विरघळलेला रंग असल्याने आत घुसते.

पुढचा टप्पा श्रावण-भाद्रपदात, आधारमुळांच्या (खोडाच्या खालच्या पेरांतून हवेत फुटणाऱ्या मुळांच्या) बुळबुळीचा. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या सिएरा मिहे भागातला मका हीच बुळबुळ भरपूर गाळतो. त्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि त्या मक्याला २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळत असल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. आपल्या संकरित वाणांत हवेतल्या मुळांचे वेढे थोडे आणि बुळबुळही बेताचीच, तेव्हा युरिया बंद करायचा विचार कोणी करू नये. गोळा करायची तर पाऊस पडून गेल्यावर सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी. ती धूळ आणि जिवाणूंसकटच येते, म्हणून ट्रेमधल्या नमुन्यात मिसळू नका. बाटली वेगळी, चिठ्ठी वेगळी.