रेसचा घोडा निवृत्त झाल्यावर

रेसमधून निवृत्त झालेला घोडा घेताना पैशांची बोलणी सगळ्यात लवकर आटोपली. सहा वर्षांचा, पुढच्या पायाची शीर दुखावलेला आणि खच्ची केलेला घोडा. घोडी असती तर पैदाशीसाठी स्टड फार्मवर गेली असती. याला तो मार्गही नव्हता. मालकांनी जवळजवळ फुकटच देऊ केला.

मला काळजी त्या फुकटचीच होती. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा घोडा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावायला लागतो, काही वर्षांत थांबतो आणि पंचवीसएक वर्षं जगतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरच असतो आणि त्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो. कवडीमोलाने दिलेला घोडा हातोहात फिरत वरातीत किंवा पर्यटकांच्या फेऱ्यांना जुंपला जातो, तो असा. म्हणून मी लेखी करार मागितला: पुन्हा विकायचा नाही, शर्यतीत उतरवायचा नाही, सांभाळणं जमेनासं झालं तर आधी मूळ मालकांना कळवायचं. शिवाय नालबंदाचा आणि डॉक्टरांचा खर्च त्यांनी उचलायचा. यावर बरीच ओढाताण झाली. ज्याने त्याच्या धावण्याचं बक्षीस घेतलं त्याने पुढचा वाटा उचलावा, हे मला आजही रास्त वाटतं. ब्रिटनमध्ये 2000 साली शर्यतीच्या व्यवसायानेच अशा घोड्यांसाठी 'रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस' ही संस्था उभी केली. आपल्याकडेही हे मालकाच्या मर्जीवर न सोडता बक्षिसाच्या रकमेतून नियमाने कापून घेतलं पाहिजे.

कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट (घोड्याची ओळखपुस्तिका), त्याच्याशी जुळणारी अंगात बसवलेली मायक्रोचिप आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी. ही चाचणी टाळू नका. हा रोग माणसालाही होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याचं निदान होतं. अहवाल येईपर्यंत आम्ही घोडा हलवला नाही.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. रेसकोर्सवर भरपूर दाणा आणि दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात उभं राहणं, ही त्याची सवय. दाणा एकदम तोडला किंवा ओला चारा एकदम वाढवला तर पोटशूळ उठू शकतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्यात जीवही जातो. आम्ही दाणा हळूहळू कमी केला, सुका चारा वाढवला, मोकळं सोडणंही थोडं थोडं सुरू केलं.

त्याला सोडायला आलेले सईस निघताना म्हणाले, "ताई, याला एकटं ठेवू नका, झुरेल." घोडा कळपात राहणारा जीव. मग गावातलं एक म्हातारं तट्टू सोबतीला आणलं, तेव्हा कुठे त्याचं कुंपणालगत येरझाऱ्या घालणं थांबलं.

मालकांनी शेवटी सही केली. नालबंदाचे पैसे ते नियमित पाठवतात, चाऱ्याचं मी बघते.