हिरवी आणि पांढरी तार

रविवार, रात्रीचे साडेअकरा

कालपर्यंत माझा रोबो दोन चाकांवर बरा पळत होता. आज त्याला ब्लूटूथ मोड्यूल बसवलं, नवा कोड चढवायला घेतला, आणि कम्प्युटरने नॅनो बोर्डाला (रोबोचा मेंदू, छोटा आर्डुइनो) ओळखच दाखवली नाही. नेहमीची केबल सापडेना म्हणून खणातली दुसरी काढली होती. बोर्डवरचा दिवा लख्ख. दिवा पेटलाय म्हणजे केबल धडधाकट, असं मी धरून चाललो आणि दुपार तिथेच बुडाली.

ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला. बोर्डवर यूएसबीचं बोलणं सांभाळणारी सीएच३४० चिप आहे ना, मग संशय आपोआप तिच्यावर. (बिचारी!) शेवटी कर्नलचा लॉग, म्हणजे कम्प्युटरची आतली नोंदवही, उघडा ठेवून केबल काढली-घातली, तर एकही ओळ उमटली नाही. तेव्हा ट्यूब पेटली. ड्रायव्हरचं दुखणं असतं तर निदान 'कुणीतरी अनोळखी आलंय' एवढी तरी नोंद झाली असती. बोर्ड केबलमधल्या डी-प्लस या डेटाच्या तारेला दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढतो, त्यावरूनच कम्प्युटरला पाहुणा आल्याचं कळतं. ती तारच नसेल तर कळणार कसं?

कटर घेतला आणि केबल मधोमध कापली. आत लाल आणि काळी, बस. डेटाची हिरवी-पांढरी औषधालाही नाही. नुसती चार्जिंगची केबल.

डेटावाली दुसरी केबल ओढून आणली, पोर्ट लगेच दिसला. पण अपलोड? 'नॉट इन सिंक', एक ते दहा प्रयत्न, परत पहिले पाढे पंचावन्न. जुना बूटलोडर (नवा कोड उतरवून घेणारा बोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम) निवडून पाहिला, म्हणजे १,१५,२०० ऐवजी ५७,६०० चा वेग. ढिम्म.

खरं तर हे मला माहीत होतं, याचाच जास्त राग आला. ब्लूटूथच्या तारा मी ० आणि १ नंबरच्या पिनांवर टोचल्या होत्या, आणि यूएसबीचं बोलणंही त्याच पिनांवरून चालतं. त्यात सीएच३४० चा आवाज एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून गाळून येतो, तर ब्लूटूथ थेट पिनेवर बसलेला. मग त्याचाच आवाज चढणार! ० वरची तार उपसली, पुन्हा अपलोड दाबलं, दिवे लुकलुकले, काम झालं.

आता मोड्यूल १० आणि ११ वर, सॉफ्टवेअर सिरीयलने (म्हणजे कोडच्या जोरावर साध्या पिनांना बोलतं करून), ९,६०० वेगावर. रोबो पुढे-मागे जातोय. डावीकडे थोडा ओढतो, पण ते आज नाही.

कापलेल्या केबलचे दोन तुकडे अजून टेबलावर आहेत. खणात तशाच आणखी पाच पडल्यात, उद्या त्यांची झडती. कटर न वापरता.