जॉनीची चोरीची ट्रॉफी

रविवार, रात्री अकरा वाजता.

'द वाइल्ड वन' आज सव्वीस वर्षांनी पुन्हा पाहिला. वसतिगृहात असताना मित्राच्या संगणकावर तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिरकी टोपी आणि कातडी जाकीट घालून ट्रायम्फ थंडरबर्डवर बसलेला मार्लन ब्रँडो एवढेच माझ्या लक्षात राहिले होते. कशाविरुद्ध बंड करतोस, असे एक मुलगी विचारते आणि ब्रँडोने साकारलेला मोटारसायकल टोळीचा म्होरक्या जॉनी तिलाच उलट विचारतो की, तुमच्याकडे काय काय आहे? त्या उत्तरावर आम्ही शिट्ट्या वाजवल्या होत्या.

१९५३ सालचा हा कृष्णधवल चित्रपट ब्रिटनमध्ये १९६७ पर्यंत सेन्सॉरने अडवून ठेवला होता, यावर आज विश्वास बसत नाही. ब्रँडोच्या मागचा रस्ता तर पडद्यावर सरकणारे चित्र आहे, हे चटकन कळते. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावात १९४७ च्या ४ जुलैच्या सुट्टीत मोटारसायकलस्वारांनी घातलेल्या धुडगुसाचा या कथेला आधार आहे. असे पुन्हा घडू देऊ नका, अशी ताकीद चित्रपट सुरुवातीलाच देतो. पण या वेळी मला ती टोळीपेक्षा गावालाच अधिक लागू वाटली. मोटारसायकली येताच कॅफेच्या मालकाला खपाची चाहूल लागते, आणि पुढे कायदा हातात घेऊन एकट्या जॉनीला कोंडून मारहाण करणारेही गावातलेच प्रतिष्ठित असतात.

मार खाताना जॉनी म्हणतो की, माझा बाप यापेक्षा जोरात मारायचा. तेव्हा मला ती मर्दुमकी वाटली होती. आज मात्र मी तिथे चित्रपट थांबवून मागे घेतला आणि ते वाक्य पुन्हा ऐकले. पोलीस दिसला की त्याच्या तोंडावर येणारी तुच्छता, कॅफेत काम करणाऱ्या कॅथीशी धड दोन शब्द बोलता न येणे, हे सगळे त्या एका वाक्यामागे उभे आहे, आणि दिग्दर्शक लास्लो बेनेडेक यांनी ते आणखी उलगडून सांगितलेले नाही, हे बरे केले. कॅथीचा बाप हॅरी ब्लीकर हा गावचा पोलीस. आम्ही त्याला भित्रा म्हणून हसलो होतो. आज त्याची चुळबूळ पाहवेना; कदाचित मीही आता कोणाचा तरी बाप आहे म्हणून असेल.

शेवटी सुटका करणाऱ्यांचे आभारही जॉनी मानत नाही, आणि त्याला ते येतच नाही, असे कॅथीच त्याच्या वतीने सांगते. मग तो कॅफेत येतो आणि हँडलला बांधून मिरवलेली, शर्यतीतून चोरलेली ट्रॉफी तिच्यासमोर ठेवतो. ती दुसऱ्या क्रमांकाची आहे, कारण पहिल्या क्रमांकाची लपवता येणार नाही इतकी मोठी होती. म्हणजे चोरली तीसुद्धा दुसऱ्याच नंबरची! या बारकाव्याकडे तेव्हा माझे लक्षच गेले नव्हते. ट्रॉफी ठेवून तो चित्रपटात पहिल्यांदाच मोकळेपणाने हसतो आणि निघून जातो.