तुम्ही विचारलंत म्हणून: मेरी जॅक्सन यांनी पद का सोडले?

मेरी जॅक्सन यांच्याविषयी मी कुठेही बोलले की शेवटी एक हात वर होतोच आणि प्रश्न तोच असतो. नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला अभियंता होण्यासाठी जिने एवढे सोसले, तिने 1979 मध्ये आपणहून खालच्या श्रेणीचे पद घेऊन अभियांत्रिकी का सोडली? विचारणाऱ्यांना त्यांचा आधीचा प्रवास ठाऊक असतो, म्हणून तो इथे पुरा सांगत नाही. ‘सोडली’ या शब्दाचा मात्र मला आता त्रास होतो, कारण अनेक वर्षे मीही तोच शब्द वापरत होते.

मी मेकॅनिकलला शिकवत असे आणि त्यांची गोष्ट नेहमी 1958 पर्यंत आणून थांबवत असे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन शहरात केवळ गोऱ्यांच्या शाळेत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांना बसण्यासाठी त्यांनी नगर प्रशासनाकडून परवानगी मिळवली, अभ्यास पुरा केला आणि त्या अभियंता झाल्या. त्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ काझिमिएझ चार्नेत्स्की यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा अहवाल निघाला. स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेगाच्या हवेत शंकूच्या टोकाचा कोन आणि माख संख्या (ध्वनीच्या वेगाच्या किती पट वेग, हे सांगणारा आकडा) बदलली, की पृष्ठभागालगतचा संथ, थराथरांचा प्रवाह नेमका कुठे प्रक्षुब्ध होतो, हे त्यात तपासले होते; त्या जागेपुढे घर्षण आणि उष्णता दोन्ही वाढत असल्याने विमानाच्या आरेखनात तिला फार महत्त्व असते. हे शिकवताना माझा आवाज चढत असे.

एका वर्षी शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या प्रकल्पात यंत्र मुलांनी हाताळायचे आणि अहवाल तिने लिहायचा, असे ठरवून टाकले होते. “मॅडम, तुम्ही एकदा बोललात तर फरक पडेल,” असे ती म्हणाली. त्याच आठवड्यात मुलींच्या तक्रारींचे काम पाहण्याविषयी मला विचारणा झाली होती आणि माझ्या पीएच.डी.च्या चाचणीसाठीच्या यंत्राची जोडणी अर्धवट असल्याने मी नकार दिला होता. मी तिला म्हणाले, “तू काम चांगलं कर, कामच बोलतं,” आणि दाखला म्हणून मेरी जॅक्सन यांची गोष्ट सांगितली, अर्थात 1958 पर्यंतचीच. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण मॅडम, तू अभियंता हो, असं त्यांना आधी कुणीतरी सांगितलं असेल ना?” सांगितले होतेच. ज्यांच्या हाताखाली त्या 60,000 अश्वशक्तीच्या विंड टनेलवर, म्हणजे प्रतिकृतींवर वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यावर काम करत, त्या चार्नेत्स्कींनीच त्यांना प्रशिक्षण घ्यायला सुचवले होते. मला हे माहीत होते, तरी मी तिला ते सांगितले नाही. तिने अहवाल लिहून दिला आणि पुढे ती बँकेत लागली.

माझे संशोधन महत्त्वाचे होते, हे मी आजही म्हणेन. एखाद्या स्त्रीने प्रयोगशाळेतच राहायचे ठरवले, तर तिच्याकडे जाब मागू नये. पण नासाच्या लँग्ले संशोधन केंद्रात, जिथे त्या काम करत, स्त्रियांची बढती एका पायरीवर येऊन अडते, हे जॅक्सन यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते, आणि स्त्रियांच्या भरतीचा व बढतीचा प्रश्न जिथे हाताळता येईल ते पद त्यांनी घेतले. 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच काम केले. याला मी पूर्वी हार म्हणत असे, नंतर त्याग म्हणू लागले. आज मला दोन्ही शब्द खोटे वाटतात. त्यागाचा गौरव केला, की ज्या संस्थेने त्या कामाची श्रेणी खाली ठेवली तिला कोणी काही विचारत नाही. शिवाय त्या विंड टनेलमध्येच राहिल्या असत्या तर त्यांच्या डझनभर अहवालांच्या पुढचा अहवाल कोणता असता, ही हुरहूर माझ्यातल्या अभियंत्याला अजूनही लागून राहते.

आता मी व्याख्यानाची सुरुवात 1979 पासून करते. मग त्या शंकूच्या अहवालापर्यंत पोहोचायला वेळ पुरत नाही, आणि तेही मला बरोबर वाटत नाही.