किरणचं पुढचं चाक

दातांच्या लॅबमध्ये पेशंट सहसा येत नाही. डॉक्टरकडून माप येतं, आम्ही कॅप, ब्रिज, कवळी करून परत पाठवतो; तोंड कुणाचं, ते कळत नाही. म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी सात रस्त्याजवळचा आमचा जिना चढून सत्तरीचे एक काका थेट वर आले, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांचा पत्ताच सांगायला लागलो. त्यांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला.

"दात नव्हे, मालक. पाय आहेत."

आत कापसावर विमानाचे तीन पाय, चाकांसकट. काका हवाई दलातून निवृत्त झालेले, किरण विमानांचे फिटर. किरण म्हणजे एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, वैमानिकांना शिकवायचं जेट विमान, 4 सप्टेंबर 1964 ला पहिल्यांदा उडालेलं. त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसतात. आपल्याला ते ठाऊक आहे सूर्यकिरणमुळे: 1996 मध्ये बिदरला उभ्या राहिलेल्या हवाई दलाच्या या कसरतींच्या पथकाकडे 2011 पर्यंत किरणच होती, आता हॉक विमानं आहेत. काकांनी घरी 1:48 प्रमाणात किरण बनवलं होतं, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 22 सेंटिमीटर. विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसं भरलेलं, पाय रेझिनचे, खोली पत्र्याची आणि उन्हाळा सोलापूरचा. पाय फाकले.

"हेच मेटलमध्ये ओतून द्या."

ओतकाम आमचं रोजचंच. पाय तापवून सरळ केले, स्प्रू, म्हणजे धातू आत जायला वाट ठेवणाऱ्या काड्या, लावले, रिंगमध्ये इन्व्हेस्टमेंट, म्हणजे साच्याचं उष्णता सोसणारं मिश्रण, ओतली. रेझिन तापताना फुगतं आणि साचा तडकवतं, म्हणून भट्टी एरवीपेक्षा सावकाश चढवत 900 अंशांपर्यंत नेली. नमुना जळून जातो, उरलेल्या पोकळीत वितळलेलं निकेल-क्रोम, कॅपसाठी वापरतो तो मिश्रधातू, जातं. म्हणजे संधी एकच.

रिंग भरण्याआधी मी एक शहाणपणा केला होता. पुढच्या चाकाच्या टायरवर मधोमध एक खाच गोल फिरलेली होती. आमच्या धंद्यात अशी खाच म्हणजे नमुना आखडला, आणि ती दिसली की हात आपोआप वॅक्सकडे जातो. मी ती भरली, गुळगुळीत केली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी काका आले. दोन मोठे पाय बघून खूश. तिसरा डोळ्याजवळ धरला आणि गप्प झाले.

"हिची खाच कुठं गेली?"

मी अभिमानानं सांगितलं. ते हसले नाहीत.

"अहो, ती खाच म्हणजेच किरण. टायर जमिनीला दोन कडांवर टेकतो. एकाच कडेवर टेकला, तर वेगात चाक लटपटतं, बाजारातल्या ट्रॉलीचं थरथरतं ना, तसं." मग बोटं फिरवत त्यांनी बाकीचं समजावलं. किरणचं पुढचं चाक पायलट वळवत नाही. एका बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक दाबला की विमान वळतं आणि पुढचं चाक मोकळं फिरत मागोमाग येतं. उडाल्यावर ते आपोआप सरळ होतं, नाहीतर पुढे दुमडून खोबणीत जाताना अडकेल. मागची दोन आतल्या बाजूला, धडात शिरतात.

मूळ नमुना तर भट्टीत गेला होता. मी मायक्रोमोटरला, म्हणजे घासायच्या छोट्या हातमशीनला, सर्वांत पातळ कापायची डिस्क लावली. निकेल-क्रोम चिवट, टायर वाटाण्याएवढा. पाऊण तास मान वर केली नाही. एकदा डिस्क तुटून चष्म्यावर आपटली. काका शेजारच्या स्टुलावर बसून दर दोन मिनिटांनी "अजून जरा" म्हणत होते. आमच्या डॉक्टरांनीही कधी एवढं छळलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी कामाला आलो. पायाचा वरचा भाग रंगवायचा, पण खालचा दांडा, जो तेल आणि दाबलेल्या हवेच्या नळीत सरकतो, तो खऱ्या विमानात चकचकीत असतो. मॉडेलवाले तिथं चंदेरी रंग लावतात आणि तो रंगच दिसतो. मी वरच्या भागावर सँडब्लास्ट, म्हणजे हवेच्या जोरानं बारीक वाळू, मारला, म्हणजे खरखरीत होऊन रंग धरेल. दांड्याला रबर व्हील आणि पॉलिश. काकांनी तो खिडकीकडे धरून फिरवला. दांडा थोडाच बाहेर का, असं मी विचारलं. "उभं विमान स्वतःच्या वजनानं दबतं. लांब दांडा उडणाऱ्याला. लोक उभ्या विमानाला तोच ठेवतात, मग ते टाचा उंचावल्यासारखं दिसतं."

विमान त्यांनी पिशवीतून आणलंच होतं. प्लॅस्टरच्या पुड्यावर वर्तमानपत्र टाकून त्यावर उभं केलं. काकांनी शेपटी बोटानं दाबून सोडली. नाक खाली आलं, तिन्ही चाकं टेकली, पाय हलले नाहीत.

पैशांवरून थोडी ओढाताण झाली, ती सोडून देतो. जिन्यापाशी पोचल्यावर ते वळले आणि गालावर बोट ठेवलं.

"मालक, खालची कवळी टोचते हो. डिस्क मारता का जरा?"

"ते डॉक्टरांनीच बघायचं असतं, काका. नाही तर खाच चुकीच्या जागी पडेल."