आमची वाटचाल: चार स्लाइडपासून सेल ब्लॉकपर्यंत

लॅब सुरू केली तेव्हा एक मायक्रोस्कोप, एक टेक्निशियन आणि मी. रक्त-लघवीच्या तपासण्यांवर भाडं निघायचं. सुईची तपासणी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी बघणं (एफएनएसी), ही माझी हौस. मानेच्या, स्तनाच्या गाठींवर हात बसला होता. किडनीच्या एका गाठीनं मात्र मला जमिनीवर आणलं.

सीटीवर कॅन्सरचाच संशय होता. स्लाइडवर रक्तच रक्त, मधे लांबट पेशींचे दोन-चार पुंजके, काही केंद्रकं मोठाली. 'रीनल सेल कार्सिनोमा', म्हणजे किडनीचा कॅन्सर, असं टाइपही झालं होतं. सही करताना हात अडखळला, कारण पुंजक्याला चिकटून चरबीच्या दोन-तीन पेशी होत्या. सुईच्या वाटेवरची चरबी येतेच, म्हणून आधी मी त्या सोडून दिल्या होत्या. नशिबानं उरलेल्या मटेरियलचा सेल ब्लॉक, म्हणजे पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा, केलेला होता. तो मोठ्या लॅबला पाठवला. तिथं इम्युनोस्टेन केले, म्हणजे अँटिबॉडी वापरून पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघितली: एचएमबी-४५ पॉझिटिव्ह, किडनीच्या कॅन्सरमध्ये सहसा दिसणारे केराटिन आणि पॅक्स-८ निगेटिव्ह. अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची गाठ! ही बहुतेक वेळा साधीच असते, कॅन्सर नसते. माझ्या रिपोर्टवर त्या माणसाची किडनी गेली असती.

तेव्हापासून किडनीची सुई असली की मी स्वतः हजर. रेडिऑलॉजिस्ट सोनोग्राफीवर बघत २२ गेजची सुई घालतात, मी तिथंच एक स्लाइड वाळवून, झटपट रंगवून बघते. पेशी कमी वाटल्या तर लगेच पुन्हा सुई. उरलेलं सगळं सेल ब्लॉकसाठी फॉर्मलिनमध्ये.

हाती पैसे आले तेव्हा रक्त तपासायचा मोठा अ‍ॅनालायझर घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं. आम्ही इम्युनोस्टेनची सोय केली. अँटिबॉडीच्या बाटल्या महाग, आणि अशा गाठी येतात कितीशा? कित्येक बाटल्या मुदत संपून फेकल्या. तो विभाग आजही तोट्यातच आहे.

सगळ्यात छळतात किडनीच्याच दोन गाठी: ऑन्कोसायटोमा, ही साधी, आणि क्रोमोफोब कार्सिनोमा, हा कॅन्सर. दोन्हींत पेशीद्रव भरपूर आणि दाणेदार. क्रोमोफोबचं केंद्रक सुरकुतलेलं, भोवती फिकट वलय, सीके-७ (केराटिनचाच एक प्रकार) बहुतेक पेशींत. ऑन्कोसायटोमात केंद्रक गोल, सीके-७ एखाददुसऱ्या पेशीत. वाचायला सोपं! हातात चिमूटभर पेशी असल्या की कधी 'ऑन्कोसायटिक गाठ, याहून पुढे सांगता येत नाही' एवढंच लिहावं लागतं. अशाच रिपोर्टवरून एका सर्जननी फोनवर सुनावलं, "मग पैसे कशाचे घेता?" वर्षभर त्यांची केस आली नाही. मग एक दिवस आली, सोबत कोअर बायोप्सीचा, म्हणजे जाड सुईनं काढलेला गाठीचा, तुकडाही होता.